विश्वासू सेवेचे प्रतिफळ आणि त्याचा हिशेब

कराडहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईने वाळवा तालुक्यातील गावांमध्ये उभे आयुष्य बायकांना लिहायला-वाचायला आणि शास्त्र (बायबल) शिकवण्यात घालवले. मानधन तुटपुंजे होते आणि तेही वेळेवर हाती पडत नसे. उतारवयात निवृत्तिवेतन नव्हते. आणि गेल्या वर्षी मिरजेत त्या वारल्या तेव्हा ज्या संस्थेसाठी त्या राबल्या, तिच्याकडून कोणी फिरकलेही नाही. अंत्यविधीच्या वेळी ‘जीवनाच्या मुगुटा’चे वचन वाचले गेले. ताई विचारतात की, हा मुगूट म्हणजे नेमके काय? तारण (देवाने पापापासून केलेली सुटका) जर कृपेने, विनामूल्य मिळते, तर मग प्रतिफळाची भाषा कशाला? स्वर्गातही कमी-जास्त असते काय? कार्यालयातील एक वारकरी सहकारी त्यांना म्हणाले की, ‘आम्ही निष्काम भक्ती श्रेष्ठ मानतो, तुमचे मात्र सगळे बक्षिसासाठी दिसते’. त्यांना काय सांगावे? आणि आईच्या नावाची पाटी उपासनामंदिरात लागावी म्हणून आग्रह धरावा की नाही?

सांगली-मिरज भागातील मंडळ्यांत (ख्रिस्ती उपासक समुदायांत) पाळकाचे काम करताना हे प्रश्न मी अनेकदा ऐकले आहेत आणि बहुधा ते माती दिल्यानंतरच्या आठवड्यातच विचारले जातात. म्हणून उत्तर देताना केवळ सिद्धान्त सांगून भागत नाही. तरीही सुरुवात वचनापासूनच करतो, कारण हे वचन अंत्यविधीला इतके वाचले जाते की ते मुळात कोणाला लिहिले होते, हेच आपण विसरलो आहोत.

ते स्मुर्णा येथील मंडळीला लिहिले होते. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर. प्रकटीकरण या बायबलमधील शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत ज्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत, त्यांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींनाच प्रभू येशूने दोष दिलेला नाही. स्मुर्णाच्या लोकांचे दारिद्र्य प्रभूला माहीत आहे, त्यांची होणारी निंदा माहीत आहे, आणि त्यांच्यापैकी काहींना तुरुंगात टाकले जाईल हेही तो आधीच सांगतो. तो त्यांना सुटकेचे आश्वासन देत नाही. मरेपर्यंत विश्वासू राहा, मी तुला जीवनाचा मुगूट देईन, एवढेच तो म्हणतो. आणि हे म्हणणाऱ्याने आपली ओळख पत्राच्या आरंभीच ‘जो मेला होता व जिवंत झाला’ अशी करून दिलेली आहे. सुमारे इ. स. 155 मध्ये याच स्मुर्णाचा वृद्ध अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प याला ख्रिस्ताला नाकारण्यास सांगण्यात आले, तेव्हा ‘86 वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे कधी वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू?’ अशा अर्थाचे उत्तर देऊन तो जाळला गेला. म्हणजे हे वचन प्रथम ज्यांनी ऐकले त्यांच्या दृष्टीने मुगूट ही शोभेची वस्तू नव्हती. ज्यांचे जीवन काढून घेतले जाणार होते त्यांना जीवनच परत मिळणार, आणि तेही पुन्हा कोणी काढून घेऊ शकणार नाही असे, हा त्याचा अर्थ होता. त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत, जो विजय मिळवतो त्याला दुसऱ्या मरणाची बाधा होणार नाही, असे म्हटले आहे. जीवनाचा मुगूट म्हणजे मुगूटरूपाने मिळणारे सार्वकालिक जीवन, असा सरळ अर्थ मी घेतो.

नव्या करारात मुगुटाची भाषा आणखी काही ठिकाणी येते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नीतिमत्त्वाचा मुगूट आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासू पाळकांसाठी कधीही न कोमेजणारा गौरवाचा मुगूट आहे. करिंथकरांना प्रेषित पौल अविनाशी मुगुटाविषयी लिहितो. करिंथ शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, आणि तेथील विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचे किंवा वाळलेल्या सेलेरीचे कडे डोक्यावर घालत, हे त्याच्या वाचकांना चांगले ठाऊक होते. काही वक्ते या उल्लेखांवरून पाच मुगुटांचा तक्ता तयार करतात आणि कोणत्या सेवेला कोणता मुगूट हे फळ्यावर लिहून दाखवतात. मला ही पद्धत पटत नाही. लेखकांनी एकाच देणगीची वेगवेगळी अंगे दाखवली आहेत, आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात तर चोवीस वडील (ज्येष्ठ) आपापले मुगूट सिंहासनापुढे ठेवून देतात. जो मुगूट शेवटी देणाऱ्याच्याच पायांशी ठेवायचा, त्याच्या जाती-प्रकारांची यादी करून काय साधते?

आता कृपा आणि प्रतिफळ यांचा प्रश्न. तो खरा कठीण आहे. पौल रोमकरांस लिहितो की, पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान ख्रिस्त येशूमध्ये सार्वकालिक जीवन आहे. एका बाजूला वेतन आणि दुसऱ्या बाजूला दान, असा हा उघड विरोध आहे. इफिसकरांस तोच लिहितो की, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी बढाई मारू नये. आणि तोच पौल करिंथकरांस सांगतो की, आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर प्रकट व्हावे लागेल आणि देहाने केलेल्या बऱ्यावाइटाचे फळ प्रत्येकाला मिळेल. एकाच माणसाच्या हातची ही वाक्ये आहेत. त्यामुळे एक खरे मानून दुसरे झाकून ठेवण्याची सोय आपल्याला नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे याची उकल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पाया एकच आहे, तो येशू ख्रिस्त, आणि तो आधीच घातलेला आहे. कोणी तो आपल्या श्रमाने घातलेला नाही. त्या पायावर कोणी सोने, रुपे, मोलवान पाषाण यांनी बांधतो, तर कोणी लाकूड, गवत, पेंढा यांनी. त्या दिवशी अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा करील. ज्याचे काम टिकेल त्याला प्रतिफळ मिळेल. ज्याचे जळून जाईल त्याचे नुकसान होईल, तरी तो स्वतः तारला जाईल, परंतु जणू अग्नीतून बाहेर पडलेल्यासारखा. येथे दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केलेल्या आहेत. माणूस देवाच्या घरात आहे की नाही, हे पायावरून ठरते. त्याने आयुष्यभर जे उभारले त्यातील काय कायमचे राहील, हे परीक्षेनंतर ठरते. तारण हे प्रतिफळ नव्हे. प्रतिफळ हे तारलेल्यांना मिळते. आणि पौलाने हे मुख्यतः मंडळीची उभारणी करणाऱ्यांविषयी, म्हणजे आम्हा उपदेशकांविषयी लिहिले आहे, हे आम्ही आमच्या उपदेशांत सहसा सांगत नाही.

तरीही कोणी म्हणेल की, तारण दान असले तरी प्रतिफळ मजुरीच ठरते. तसेही नाही. कलस्सैकरांस पत्रात पौल गुलामांना उद्देशून लिहितो की, तुम्ही जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, कारण प्रभूपासून तुम्हाला वतनरूप प्रतिफळ मिळेल. रोमी कायद्याप्रमाणे गुलामाला स्वतःच्या नावाने वारसा घेता येत नसे. ज्याला घरात वाटाच नाही, त्याला पौल वाटेकरी म्हणतो. वतन किंवा वारसा हा मुलाला मिळतो. तो त्याने घरासाठी केलेल्या कामाचा मोबदला नसतो, आणि तरीही चांगला मुलगा घरासाठी राबतोच. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिनने नेमका हाच मुद्दा पुढे केला होता की, शास्त्रात प्रतिफळ हे पुत्रांच्या वारशाच्या भाषेत येते, चाकरांच्या पगाराच्या नव्हे. त्याच्या कितीतरी आधी प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टिन याने म्हटले होते की, देव आपल्या पुण्याईला मुगूट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुगूट घालतो. या विषयावर पश्चिमेकडील मंडळी फुटली, 1547 मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने आपली भूमिका कडक शब्दांत मांडली आणि प्रोटेस्टंटांनी आपली. पण ट्रेंटच्या त्याच निवेदनात ऑगस्टिनच्या या विचाराचा पडसाद आहे, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींनी सही केलेल्या संयुक्त घोषणेतही या मुद्द्यावर दोन्ही बाजू एकमेकींच्या पुष्कळ जवळ आल्या. मिरजेत शेजारी राहणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यावरून अजूनही वाद घालतात, ते ज्या जोराने घालतात त्या जोराची आता गरज नाही, इतकेच म्हणतो.

कृपा आणि प्रतिफळ यांचा संबंध प्रभूने स्वतः एका दाखल्यात (बोधकथेत) सांगितला आहे, आणि तो आपल्या भागातील लोकांना इतरांपेक्षा लवकर कळायला हवा, कारण तो द्राक्षमळ्याचा आहे. शिष्य पेत्राने विचारले की, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? प्रभूने त्याला झिडकारले नाही. राजासने आणि शंभरपट देण्याचे अभिवचन दिले, आणि लगेच मळ्याच्या धन्याची गोष्ट सांगितली. पहाटे लावलेल्या मजुरांशी धन्याने एक दिनार, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी, ठरवून घेतली. नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता आणि अगदी दिवस मावळायला तासभर उरला असताना तो आणखी माणसे आणतो. तासगाव-कवठेमहांकाळकडे छाटणीच्या दिवसांत टोळीशी एकराचे उक्ते ठरते, आणि कोणी ओळखीचा माणूस ‘मालक, द्याल ते घेईन’ म्हणून बागेत शिरतो, तो फरक लक्षात घ्या. दाखल्यातील पहिल्या मजुरांनी कराराने काम केले. नंतरच्यांना धनी फक्त ‘जे योग्य ते देईन’ एवढेच म्हणाला, आणि ते त्याच्या शब्दावर आत गेले. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार मिळतो आणि कुरकुर करतात ते करारवाले. त्यांना ठरलेले पूर्ण मिळाले आहे, एक पैसाही बुडालेला नाही, आणि तरीही ते दुःखी आहेत, कारण त्यांनी दिवसभर स्वतःच्या घामाचा हिशेब केला आणि शेवटी दुसऱ्याच्याही. शब्दावर गेलेला मजूर मात्र आनंदात घरी जातो. पेत्राच्या प्रश्नाला हे प्रभूचे खरे उत्तर आहे: मिळणार निश्चित, पण ‘काय मिळणार’ असे विचारत करार करायला आलास तर जे मिळेल त्याचा आनंद तुझा राहणार नाही.

या विषयात मला सांगण्यासारखी जी गोष्ट वाटते ती हीच आहे. देव हिशेब ठेवतो, म्हणून विश्वासणाऱ्याला तो ठेवावा लागत नाही. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की, तुम्ही पवित्र जनांची सेवा केली व करीत आहात, ती तुमची कृती आणि त्याच्या नावावरची प्रीती विसरून जायला देव अन्यायी नाही. म्हणजे लेखकाने विस्मरणाला अन्यायाच्या पातळीवर नेऊन ठेवले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात थंड पाण्याच्या एका प्याल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही असे म्हटले आहे. आणि पंचविसाव्या अध्यायात उजवीकडच्यांना आपण कधी राजाला खाऊ घातले हेच आठवत नाही. ‘प्रभो, आम्ही तुम्हाला भुकेले कधी पाहिले?’ असे ते विचारतात. त्यांनी नोंद ठेवलेली नाही, आणि राजाच्या नोंदीत ते तपशिलासह आहे.

याच्या उलट ज्याने स्वतः नोंद ठेवली आणि लोकांना दाखवली, त्याच्याविषयी डोंगरावरील प्रवचनात प्रभू म्हणतो की, ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगलीत आणि पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतील गावांत मदत पुष्कळ आली आणि तिने माणसे जगली. परंतु पाकीट हातात देताना घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवून घेणारेही आपण सर्वांनी पाहिले. ते पाकीट घेणाऱ्याच्या उपयोगी पडलेच. देणाऱ्याला मात्र जे हवे होते ते त्याच दिवशी मिळाले, आणि पुढे मागण्यासारखे काही उरले नाही. याच काळात चिखलात उतरून दुसऱ्यांची घरे धुणाऱ्या तरुणांची नावे कोठेही छापलेली नाहीत.

मिरजेपुरते बोलायचे तर डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय सुरू केले, आणि आज सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडीला त्यांचे नाव आहे. ते योग्यच आहे. पण त्या रुग्णालयात रात्रपाळ्या केलेल्या परिचारिका, जखमा धुणारे मदतनीस, मुदपाकखान्यातील माणसे, खेड्यांत फिरून रुग्णांना दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या बायका, यांच्या नावाची वाडी नाही. ताई, तुमच्या आई या दुसऱ्या यादीतील आहेत. शास्त्राचे अभिवचन खास करून या यादीसाठी आहे, कारण पहिल्या यादीतील माणसांना पृथ्वीवर काही तरी मिळालेले असते.

आता स्वर्गात कमी-जास्त असते का, हे पाहू. शास्त्रात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. द्राक्षमळ्यात सर्वांना एकच दिनार मिळतो. तालंतांच्या (तालंत म्हणजे त्या काळची मोठी रक्कम) दाखल्यात पाच मिळवणारा आणि दोन मिळवणारा यांना धनी अक्षरशः एकाच शब्दांत शाबासकी देतो आणि दोघांनाही ‘आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो’ असे म्हणतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील मोहरांच्या दाखल्यात मात्र प्रत्येकाला सारखीच एक मोहर दिलेली आहे, आणि जो दहा मिळवतो त्याला दहा नगरांवर अधिकार मिळतो, जो पाच मिळवतो त्याला पाचांवर. म्हणून फरक नाही असे म्हणता येत नाही. पण तो फरक पृथ्वीवरील पंगतीसारखा असेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ऑगस्टिनने असे सुचवले आहे की, त्या नगरीत मानाचे भेद असतील, पण शरीरात बोटाला डोळा व्हावेसे वाटत नाही तसे तेथे कोणालाही दुसऱ्याचा हेवा वाटणार नाही. आणि मोहरांच्या दाखल्यातील नगरे म्हणजे तरी काय आहे? अधिक जबाबदारी. थोड्यात विश्वासू राहिलेल्याला जास्त काम मिळते. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात देवाचे दास त्याची सेवा करतील आणि त्याचे मुख पाहतील असे म्हटले आहे. तेथे कोणी हातावर हात धरून बसलेला दिसत नाही. ज्या बाईला शिकवण्यातच आनंद होता, तिच्यासाठी हे अभिवचन रिकाम्या विश्रांतीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

वारकरी सहकाऱ्यांच्या म्हणण्याला उत्तर देताना प्रथम त्यांचे म्हणणे मान्य करा, कारण तेच म्हणणे बायबलमध्येही आहे, आणि ते मांडणारा कोण हेही पाहण्यासारखे आहे. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाला विचारतो की, ईयोब काय फुकट देवाचे भय बाळगतो? म्हणजे मोबदल्यासाठी केलेली भक्ती ही भक्ती नव्हे, हे तेथे सर्वांनाच मान्य आहे; आणि सर्व काही गेल्यावरही ईयोब देवाला सोडत नाही, यातूनच त्या आरोपाचे उत्तर मिळते. एवढे मान्य केल्यावर एक फरक मात्र नम्रपणे सांगावा. शास्त्र इच्छाच मारून टाकायला सांगत नाही. इच्छा योग्य गोष्टीवर लावायला सांगते. स्तोत्र 73 चा कर्ता दुष्टांची भरभराट पाहून जवळजवळ घसरला होता, आणि शेवटी म्हणतो की, स्वर्गात तुझ्याशिवाय मला कोण आहे, पृथ्वीवर मला दुसरे काही प्रिय नाही, देवच माझा सर्वकाळचा वाटा आहे. जेव्हा प्रतिफळ म्हणजे देव स्वतःच, तेव्हा ते हवे असणे हा स्वार्थ राहत नाही, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याची भेट हवी असणे हेच प्रेम आहे. चंद्रभागेच्या वाटेवर पायी चालणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. लोणंद-फलटणच्या टप्प्यावर उन्हात चालताना त्यालाही डोळ्यांपुढे भेटच दिसत असते. येशूच्या बाबतीतही इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे की, जो आनंद त्याच्यापुढे होता त्याकरिता त्याने वधस्तंभ सहन केला.

देवाला सोडून इतर काही हवे असणारी प्रतिफळाची शिकवण मात्र आपल्याकडे फोफावली आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मांडवात उभे राहून ‘इतके अर्पण करा, शंभरपट परत मिळेल’ असे सांगणारे वक्ते मार्कच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतात. त्याच वाक्यात ‘छळणुकीसह’ असेही आहे, ते मात्र हे वक्ते वाचत नाहीत. शिवाय शंभरपट घरे, बहिणी, आया, मुले असे जे म्हटले आहे, ते मंडळीरूपी कुटुंबाविषयी आहे. शंभर आया कोणाच्या नावावर चढत नाहीत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील विश्वासवीर तर अभिवचनाप्रमाणे मिळण्याआधीच मेले. तुमच्या आई गरिबीत वारल्या म्हणजे त्यांचा विश्वास उणा पडला, असे तुम्हाला कोणी सुचवले असेल तर ते शास्त्राला धरून नाही.

येथपर्यंत मी सांत्वनाचे सांगितले. आता जे सांगतो ते ताईंपेक्षा आमच्यासारख्या जबाबदार माणसांनी, म्हणजे पाळकांनी, मंडळीच्या वडीलवर्गाने (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी) आणि संस्थांच्या विश्वस्तांनी ऐकायचे आहे. स्वर्गातील प्रतिफळाचे वचन हे पृथ्वीवरील पगार थकवण्याचा परवाना नव्हे. ‘सेवा आहे, प्रभू देईल’ हे वाक्य ज्याने द्यायचे त्याच्या तोंडून निघाले की ते खोटे होते. ज्या याकोबाने परीक्षेत टिकणाऱ्याला जीवनाचा मुगूट मिळेल असे पहिल्या अध्यायात लिहिले, त्यानेच पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, तुमची शेते कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचे वाक्य आहे. रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज रूथ या परदेशी विधवेला म्हणतो की, ज्याच्या पंखांखाली तू आश्रयास आलीस तो परमेश्वर तुला पूर्ण प्रतिफळ देवो. आशीर्वाद देऊन तो मोकळा झाला नाही. त्याने तिला जेवणात वाटा दिला, कापणी करणाऱ्यांना तिच्यासाठी मुद्दाम कणसे सोडायला सांगितले, आणि पुढे तिचा हक्क सोडवून घेतला. देवाच्या प्रतिफळाविषयी बोलण्याचा अधिकार अशा माणसाला असतो. ज्या संस्थेकडे आईचे मानधन राहिले असेल, तिला पत्र लिहून ते मागण्यात अविश्वास मुळीच नाही. असल्यास कागदपत्रे जोडा आणि मागा.

हे प्रतिफळ केव्हा मिळते, याविषयी थोडक्यात. आई प्रभूजवळ आहेत, आणि फिलिप्पैकरांस पत्राप्रमाणे ते अधिक चांगले आहे. परंतु प्रतिफळ देण्याचा दिवस शास्त्रात सर्वत्र पुढचा आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात, ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना जेवू घातल्याचा मोबदला नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी मिळेल असे म्हटले आहे. पौल ‘त्या दिवशी’ म्हणतो आणि लगेच, केवळ मला नव्हे तर ज्यांना त्याचे प्रकट होणे प्रिय आहे त्या सर्वांना, असे जोडतो. प्रकटीकरणाच्या शेवटी, मी लवकर येतो आणि प्रतिफळ माझ्याजवळ आहे, असे प्रभू म्हणतो. इब्री लोकांस पत्राप्रमाणे तर पूर्वीच्या विश्वासणाऱ्यांना आपल्यावाचून पूर्णत्व मिळायचे नाही. तेव्हा आईंचे प्रतिफळ तुमच्या पाठीमागे कोठे तरी वाटून झालेले नाही. तो दिवस तुमच्याही पुढे आहे, आणि त्या दिवशी तुम्ही तेथे असाल.

पाटीविषयी. मंडळीत स्मरणार्थ पाटी लावण्यात वाईट काही नाही, आणि ज्यांची नावे कोठेच नाहीत त्यांचे नाव एकदा भिंतीवर आले तर नव्या पिढीला ते कळते. वडीलवर्गापुढे एकदा विनंती ठेवा. नकार आला तर भांडू नका, कारण त्या भांडणात आईचे नाव येईल. त्यापेक्षा उपयोगाचे एक काम सुचवतो. थेस्सलनीकाकरांस पौल लिहितो की, प्रभूच्या आगमनाच्या वेळी त्याच्यासमोर आमची आशा, आमचा आनंद, आमच्या अभिमानाचा मुगूट तुम्हीच आहात. त्याच्या दृष्टीने त्याचा मुगूट म्हणजे माणसे होती. तुमच्या आईंनी ज्या बायकांना अक्षरे शिकवली, त्यांपैकी काही इस्लामपूर-आष्टा भागात अजून असतील. त्यांना शोधा, कोणत्या घराच्या ओसरीवर वर्ग भरत असे, आई काय शिकवीत, त्या बायकांच्या मुली पुढे किती शिकल्या, हे विचारून वहीत लिहून घ्या, आणि ती वही मंडळीच्या दप्तरात द्या. बायका म्हाताऱ्या झाल्या असतील, म्हणून हे या वर्षीच करावे.

वर्षाच्या स्मरणार्थ उपासनेला कोणता शास्त्रपाठ घ्यावा असेही तुम्ही विचारले आहे. प्रकटीकरणातील वचन पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही. इब्री लोकांस पत्र, अध्याय 6, ओवी 9 ते 12 घ्यावी, आणि शक्य असेल तर ती त्या वर्गातील एखाद्या बाईकडून वाचून घ्यावी.